घोड्याचा वाढदिवस नेमका कोणता?

शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्याला दोन वाढदिवस असतात. एक त्याच्या खऱ्या जन्मतारखेचा आणि दुसरा नोंदवहीतला. उत्तर गोलार्धात हा दुसरा वाढदिवस सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा एकाच दिवशी, १ जानेवारीला येतो. शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेले असो वा जूनमध्ये, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचे धरले जाते. या हिशेबाने ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या जरा आधी जन्मलेले शिंगरू धड उभे राहण्यापूर्वीच वर्षाचे होऊन बसते, आणि म्हणूनच घोडी डिसेंबरात व्यायची नाही याची काळजी पैदास करणारे लोक फार आधीपासून घेतात.

हा नियम घोड्याच्या नव्हे, शर्यतीच्या सोयीचा आहे. इंग्लंडच्या एप्सम डर्बीत किंवा अमेरिकेच्या केंटकी डर्बीत, या मानाच्या शर्यतींत, फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात. प्रत्येकाचे वय जन्मतारखेवरून मोजायचे ठरवले, तर एखादा घोडा या आठवड्यात दोन वर्षांचा आणि पुढच्या आठवड्यात तीन वर्षांचा ठरेल आणि वर्षभराचे गट पाडताच येणार नाहीत. इंग्लंडमध्ये पूर्वी ही तारीख १ मे होती; एकोणिसाव्या शतकात ती १ जानेवारीवर आणली गेली. मला स्वतःला जुनी तारीख अधिक समंजस वाटते, कारण घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते, सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि पुढच्या वसंतात, गवत कोवळे असताना व्याते. जानेवारीचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

संबंध नाही म्हणूनच तो ओढूनताणून जोडावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले शिंगरू आणि मेअखेरीस जन्मलेले शिंगरू दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत शेजारी शेजारी उभे राहतात, तेव्हा हाडांच्या आणि स्नायूंच्या वाढीतला तीन ते पाच महिन्यांचा फरक नजरेत भरतो. त्यामुळे घोडीला लवकर माजावर आणण्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात दिवे लावून तिचा दिवस सोळा तासांचा केला जातो. आता तर एका डोळ्यावर मंद निळा प्रकाश पाडणारे मुखवटेही मिळतात, जे घालून घोडी खुशाल कुरणात चरत राहते. उशिरा जन्मलेला घोडा मागेच पडतो असे मात्र नाही. कॅनडात २७ मे १९६१ रोजी जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सरने २ मे १९६४ रोजी केंटकी डर्बी तेव्हाच्या विक्रमी वेळेत, बरोबर दोन मिनिटांत, जिंकली, त्या दिवशी त्याला खऱ्या अर्थाने तीन वर्षे पुरी झालेलीच नव्हती.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे असल्यामुळे हीच तारीख १ ऑगस्ट आहे. जपानची तऱ्हा आणखी निराळी होती: तिथे २००० सालापर्यंत शिंगरू जन्मतःच एक वर्षाचे मानत, त्यामुळे इतरत्र तीन वर्षांचा असलेला घोडा तिथे चार वर्षांचा ठरे. २००१ पासून त्यांनी ही पद्धत बदलली.

हे झाले कागद असलेल्या घोड्यांचे. आमच्या घोडीसारख्या, हातोहात विकल्या गेलेल्या आणि कागद कुठेतरी हरवलेल्या जनावराचे वय तोंड उघडून पाहावे लागते. शिंगराचे पुढचे मधले दुधाचे दात पहिल्या आठवड्यातच दिसू लागतात. पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने येतात, आणि पाचव्या वर्षी तोंड भरले असे म्हणतात. इथवरचा अंदाज बराच खात्रीचा असतो. त्यानंतर खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळसर खळगे झिजून बुजू लागतात: मधल्या जोडीचे सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेजारच्या जोडीचे सातव्या आणि कडेच्या जोडीचे आठव्या. पुढे दातांचा आडवा लंबगोल माथा हळूहळू गोल आणि मग त्रिकोणी होतो, आणि बाजूने पाहिले तर वरचे-खालचे दात अधिकाधिक तिरपे होऊन एकमेकांना भिडतात.

दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर, अगदी हिरडीलगत, एक तपकिरी खाच उगवते. ती पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते, मग वरून पुसली जाऊ लागते आणि तिशीत नाहीशी होते. डॉक्टरांनी घोडीचा ओठ अंगठ्याने वर सारून ती मला दाखवली, तेव्हा ती निम्म्याच्या किंचित अलीकडे थांबली होती; त्यांनी चौदा म्हटले आणि लगेच ‘एक-दोन वर्षे इकडेतिकडे’ अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती हवीच. रेताड जमिनीवर चरणाऱ्या किंवा लाकडाची कड चावत बसणाऱ्या घोड्याचे दात वयाहून म्हातारे दिसतात.

तारीख ठाऊक नसेल तर ती आपण ठरवावी, पण १ जानेवारी नको. शर्यतीत न धावणाऱ्या घोड्याने शर्यतीची तारीख का वागवावी? आम्ही वसंतातला एक दिवस धरला आहे, निदान तो खऱ्या दिवसाच्या जवळपास असण्याचा संभव तरी आहे.

साजरे करण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: फुगे आणि टोप्या माणसांच्या हौसेसाठी असतात, आणि फुटलेल्या फुग्याच्या आवाजाने बिथरलेला घोडा कोणाच्याही पायावर पाय देऊ शकतो. त्याऐवजी निवांत खरारा करावा, जरा लांबवर फिरवून आणावे आणि थोडे गाजर किंवा सफरचंद द्यावे. गाजराचे गोल काप करू नयेत, ते अन्ननलिकेत अडकण्याची भीती असते; उभ्या लांब फोडी कराव्यात. चॉकलेट तर मुळीच देऊ नये, कारण त्यातला थिओब्रोमिन हा घटक घोड्याला विषारी आहे आणि शर्यतीच्या घोड्याच्या तपासणीत सापडला तर तो अपात्रही ठरतो. खुरांच्या दाहाचा त्रास असलेल्या घोड्याला गोड काहीच नको, त्याच्या वाट्याला साधे वाळलेले गवत आले तरी तो तक्रार करणार नाही.

विशी-पंचविशीपुढच्या घोड्याच्या दाढा मात्र इतक्या झिजलेल्या असतात की उभी फोडही त्याला नीट चावत नाही. त्याला गाजर किसून भिजवलेल्या खाद्यात कालवून द्यावे लागते, आणि तो ते फार सावकाश खातो, म्हणून तेवढा वेळ शेजारच्या ठाणातला तरुण घोडा जरा दूर बांधून ठेवावा.