तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्याने पाठ फिरवलेली गावे

मी प्रवास करते हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. पॅरिस झाले, स्वित्झर्लंड झाले, सिंगापूर आणि दुबईही पाहून झाले. आता जिथे फारसे कुणी जात नाही, पण एकदा गेल्यावर कायम लक्षात राहील, अशी परदेशातली एखादी जागा सांगा. या प्रश्नावर दोन-चार नावे सांगून मोकळे होता येते आणि बरीच वर्षे मी तेच करत आले. पण नुसत्या नावांनी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण मी हीच नावे का सांगते ते मी कधी सांगितलेच नव्हते. तुम्ही विचारलंत म्हणून आज ते सविस्तर लिहिते आहे.

एखाद्या जागी कमी लोक जातात एवढ्यावरून ती जागा चांगली ठरत नाही. पुष्कळ ठिकाणी लोक जात नाहीत ते तिथे पाहण्याजोगे खरोखरच काही नसते म्हणून. मला ज्या जागा वर्षानुवर्षे आठवत राहिल्या त्या मात्र सगळ्या एका जातीच्या निघाल्या. कधीकाळी त्या राजधान्या होत्या, बंदरे होती, व्यापारी पेठा होत्या आणि दूरदेशीची माणसे तिथे पोहोचण्यासाठी महिनोन् महिने वाट तुडवत होती. मग कुठे व्यापाराचा मार्ग बदलला, कुठे राजाने मुक्काम हलवला, कुठे तर पाणीच निघून गेले, आणि गाव होते तिथेच राहिले. ज्या कारणाने तिथला राबता थांबला, त्याच कारणाने तिथल्या पुष्कळ गोष्टी नव्या बांधकामाखाली गाडल्या जाण्यापासून वाचल्या. अशा गावात उभे राहिले की हे सारे कुणासाठी बांधले होते आणि ते लोक कुठे गेले, हे प्रश्न आपल्याला सोडत नाहीत.

यात माझ्या दृष्टीने पहिले नाव आनीचे. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला कार्स नावाचे शहर आहे आणि तिथून साधारण 45 किलोमीटरवर, आर्मेनियाच्या सीमेला अगदी खेटून, गवताळ पठारावर हे ओसाड नगर पसरले आहे. 961 मध्ये आर्मेनियाचा बग्रातुनी घराण्यातील राजा तिसरा आशोत याने आपली राजधानी येथे आणली. दोन्ही अंगांना खोल दऱ्या आणि उरलेल्या बाजूला दुहेरी तटबंदी अशी ही जागा संरक्षणाला सोयीची होती आणि पूर्व-पश्चिम व्यापाराच्या वाटेवरही होती; त्यामुळे पुढच्या काळात तिथे इतकी प्रार्थनास्थळे उभी राहिली की लोक तिला एक हजार एक चर्चचे नगर म्हणू लागले. 1064 मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने ते जिंकले, पुढे जॉर्जियन आले, 1236 मध्ये मंगोल आले, 1319 मध्ये मोठा भूकंप झाला. या प्रत्येक घावातून नगर थोडेफार सावरले. व्यापाराची वाट दुसरीकडे वळली, त्यानंतर मात्र ते सावरू शकले नाही.

पहिल्या खेपेला मी कार्सहून भाड्याची गाडी केली होती. दीड तासात परत या, नाहीतर मी निघून जाईन, असे चालकाने उतरतानाच बजावले आणि मी घड्याळाकडे पाहत एका वास्तूकडून दुसरीकडे जवळजवळ धावत राहिले. रात्री मुक्कामी पोहोचल्यावर आज काय पाहिले ते आठवू लागले, तर मनात सलग असे काहीच उभे राहीना. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी करून पुन्हा गेले, चालकाशी आधीच ठरवून संध्याकाळपर्यंत तिथे राहिले, आणि आनी मला खऱ्या अर्थाने दिसले ते त्या दुसऱ्या दिवशी.

तिथले मुख्य कॅथेड्रल 1001 च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा स्थपती त्रदात. 989 च्या भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, हागिया सोफिया या भव्य चर्चच्या घुमटाचा भाग कोसळला, तेव्हा तो दुरुस्त करण्याचे काम ज्याच्याकडे गेले तो हाच त्रदात. हागिया सोफियाच्या माथ्यावर आजही घुमट आहे, पण त्रदातच्या स्वतःच्या राजधानीतल्या कॅथेड्रलचा घुमट 1319 च्या भूकंपात गेला. मी गेले तेव्हा आत मधोमध उभे राहून वर पाहिले की घुमटाच्या जागी आकाशाचा गोल दिसत असे. खालचे खांब अनेक बारीक स्तंभांची जुडी बांधावी तसे वर चढत जातात आणि टोकदार कमानींना जाऊन मिळतात. ही रचना पाहून युरोपातल्या गॉथिक चर्चची आठवण येते, आणि मग लक्षात येते की गॉथिक शैली उदयाला आली ती या कॅथेड्रलनंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

इमारतींचा दगड ज्वालामुखीच्या राखेतून घडलेला आहे. कुठे गुलाबी, कुठे तांबूस, कुठे काळा, आणि एकाच भिंतीत हे रंग शेजारी शेजारी बसवलेले. हात ठेवला की तो बारीक छिद्रांचा, किंचित खरखरीत लागतो आणि दुपारी उन्हाने चांगलाच तापलेला असतो. 1215 मध्ये तिग्रान होनेंत्स नावाच्या व्यापाऱ्याने बांधवलेले चर्च दरीच्या उतारावर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर त्याने दान दिलेल्या मालमत्तेची लांबलचक नोंद कोरलेली आहे आणि आत भिंतभर रंगवलेली चित्रे आहेत. त्या चित्रांतले कित्येक चेहरे नंतर कुणी कुणी खरवडून टाकले आहेत. चेहरे नसलेल्या त्या आकृतींच्या वस्त्रांचा निळा रंग मात्र अजून ताजा वाटतो. 1035 चे तारणहाराचे चर्च 1957 च्या वादळात उभे चिरल्यासारखे अर्धे कोसळले. उरलेला अर्धा भाग कसा उभा आहे, असा प्रश्न तिथे प्रत्येकाला पडतो.

खाली दरीतून जी नदी वाहते ती आज दोन देशांची सीमा आहे आणि 1993 पासून ती सीमा बंद आहे. नदीवर जुन्या पुलाचे दोन्ही काठांवरचे खांब आहेत, मधली कमान नाही. ज्या पुलावरून कधीकाळी काफिले आत येत होते त्याचे एक टोक या देशात आणि दुसरे त्या देशात, हे दृश्य पाहताना मला जे वाटले ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. 2016 मध्ये आनीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरीही मी गेले त्या दिवशी तिथे मोजकीच माणसे होती.

दुसरी राजधानी कंबोडियातली. अंगकोर पाहायला जगभरातून लोक जातात, पण अंगकोरच्या कितीतरी आधी, सातव्या शतकाच्या आरंभी, राजा ईशानवर्मन याने ईशानपूर वसवले होते. आज त्याला सांबोर प्रेई कुक म्हणतात आणि ते कंपोंग थोम गावाच्या उत्तरेला साधारण 30 किलोमीटरवर, झाडीत आहे. ह्युएन त्संगच्या नोंदींतही ईशानपुराचे नाव येते, जरी तो स्वतः तिथवर गेला नव्हता. येथली देवळे विटांची आहेत आणि त्यांतली दहा अष्टकोनी आहेत. बाहेरच्या भिंतींवर विटांतच छोटे छोटे प्रासाद कोरलेले असून ते पंख असलेल्या प्राण्यांनी अधांतरी उचलून धरलेले दिसतात. एका देवळाला झाडाच्या मुळांनी चहूबाजूंनी असे कवळले आहे की वीट कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होते ते जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. देवळांच्या मधेच जमिनीत गोल खड्डे आहेत. ते विसाव्या शतकातल्या बॉम्बफेकीचे आहेत. 2017 पासून हेही जागतिक वारशाच्या यादीत आहे. अंगकोरला जाणारच असाल तर वाटेत एक दिवस काढून येथे आधी जा. अंगकोरच्या आधी काय होते ते पाहून गेल्यावर अंगकोर अधिक कळते.

आता ज्या जागेविषयी सांगताना लोक हटकून थांबवून पुन्हा विचारतात ती जागा. उझबेकिस्तान म्हटले की समरकंद आणि बुखारा डोळ्यांसमोर येतात, पण त्याच देशाच्या पश्चिमेला कराकलपाकस्तान नावाचा स्वायत्त प्रदेश आहे आणि नुकुस ही त्याची राजधानी आहे. शहर रुक्ष आहे, रुंद रस्ते आणि धूळ. पण तिथे सावित्स्की यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. इगोर सावित्स्की हे 1915 मध्ये कीव्हमध्ये जन्मलेले चित्रकार. 1950 मध्ये ते पुरातत्त्वीय मोहिमेबरोबर या भागात आले आणि इथेच रमले. आधी त्यांनी कराकलपाक लोकांची वस्त्रे, दागिने, विणकाम जमवले. मग ज्या चित्रकारांची चित्रे सोव्हिएत राजवटीच्या ठरीव चौकटीत बसत नव्हती, ज्यांना प्रदर्शन मिळत नव्हते, ज्यांतल्या काहींना तुरुंगवास घडला होता, त्यांच्या घरी, त्यांच्या विधवांकडे, नातेवाइकांकडे जाऊन सावित्स्की ती चित्रे मिळवू लागले. 1966 मध्ये संग्रहालय उघडले. मॉस्कोपासून इतक्या दूरच्या वाळवंटी गावात कोण काय टांगते याकडे कुणाचे बारीक लक्ष नव्हते आणि त्या दूरपणामुळेच हा संग्रह वाचला. तिथे लिसेन्को या चित्रकाराचा एक बैल आहे, निळसर अंगाचा, ज्याचे डोळे काळ्या पोकळ भोकांसारखे आपल्यावर रोखलेले आहेत. मी त्या चित्रासमोरून दोनदा पुढे गेले आणि दोन्ही वेळा परत येऊन उभी राहिले.

नुकुसहून उत्तरेला साधारण 200 किलोमीटर गेले की मुयनाक लागते. 1960 मध्ये अरल समुद्र जगातले चौथ्या क्रमांकाचे मोठे सरोवर होते, सुमारे 68,000 चौरस किलोमीटरचे, आणि मुयनाक हे त्याचे मासेमारीचे बंदर होते. कापसाच्या शेतीसाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले, सरोवराला मिळणारे पाणी आटले आणि किनारा गावापासून मागे मागे सरकत शंभर किलोमीटरहूनही दूर गेला. मासे डबाबंद करण्याचा येथला कारखाना त्यानंतरही काही काळ दूरच्या समुद्रांतले मासे मागवून चालवला गेला, यावरून गावाने केवढा तग धरण्याचा प्रयत्न केला ते समजते. आज जुन्या काठाच्या कड्यावरून खाली पाहिले की वाळूत ओळीने उभी असलेली गंजलेली जहाजे दिसतात. मी खाली उतरून एका जहाजाजवळ गेले. गंजाचे पापुद्रे बोट लावताच सुटत होते, सावलीच्या बाजूला दोन गाई बसल्या होत्या आणि पायाखालच्या वाळूत पांढरे, नखाएवढे शिंपले होते. एक शिंपला उचलून पाहिला आणि होता तिथे परत ठेवला. येथे येणारी काही माणसे जहाजांवर चढून छायाचित्रे काढतात. मला ते योग्य वाटत नाही, कारण ज्यांच्या घरात मासेमारी होती अशी कुटुंबे त्या गावात अजून राहतात.

केनियाच्या किनाऱ्यावरचे लामू हे बेट मी या ओळीत शेवटी घेते, कारण ते ओसाड नाही, नांदते आहे. ईशान्येचे वारे शिडाची गलबते अरबस्तान आणि भारताकडून इकडे आणत आणि नैर्ऋत्येचे वारे त्यांना परत नेत. त्या व्यापारावर हे स्वाहिली नगर वाढले. पुढे मोठी जहाजे मोठ्या बंदरांकडे वळली आणि लामूच्या गल्ल्या होत्या तेवढ्याच अरुंद राहिल्या. प्रवाळी दगडांच्या भिंती, तिवराच्या लाकडाची छते, कोरीव दरवाजे, आणि ओझे वाहायला गाढवे. 2001 पासून हे जुने नगर जागतिक वारशात आहे. सोमालियाची सीमा जवळ असल्याने जाण्यापूर्वी सुरक्षेची ताजी स्थिती मात्र जरूर तपासा.

या गावांना जायचे तर दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. मुक्काम किमान दोन रात्रींचा असू द्या, कारण अशा जागी दिशादर्शक पाट्या आणि वाटाडे कमी असतात आणि पहिला दिवस नुसता पायाखालची जमीन ओळखण्यात जातो. आणि निघण्यापूर्वी त्या जागेचा इतिहास वाचून ठेवा. प्रसिद्ध स्थळी माहितीचे फलक जागोजागी मदतीला असतात. येथे जे आधी माहीत नसेल ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ह्युएन त्संग आठवला नाही तर ईशानपुरात विटांचे ढिगारेच दिसतील.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की यातले पहिले कुठले. माझे उत्तर आनी. कार्स सुमारे 1750 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडते, म्हणून मेअखेर किंवा जूनच्या आरंभी जा, पठार तेव्हा हिरवे आणि फुलांनी भरलेले असते. कॅथेड्रल, व्यापाऱ्याचे चर्च आणि तटबंदी सकाळपासून सावकाश पाहा. दुपार कलली की दरीच्या कडेला असलेल्या मनुचिहर मशिदीत जा आणि नदीकडच्या खिडकीपाशी बसा. तिथून खाली पुलाचे दोन्ही खांब एकाच वेळी दिसतात, आणि त्या वेळी ऊन पलीकडच्या काठावर असते.