सायकलवर खर्च झालेल्या कॅलरींचा माझा हिशेब

व्यायामासाठी सायकल चालवताना खर्च झालेल्या कॅलरी काढायला मी घड्याळावरचा आकडा वापरत नाही. बहुतेक ॲप वजन, वेळ आणि वेग एवढ्यावरच गुणाकार करतात. पण वेग म्हणजे मेहनत नव्हे. घाटात ताशी ९ किमीने जाताना धाप लागते, आणि वारा पाठीशी असला की ताशी २८ किमी बोलता बोलता निघतात. त्यामुळे मी आधी पायांनी केलेलं काम किलोज्यूलमध्ये काढतो आणि मग त्याच्या कॅलरी करतो.

सुरुवात वजनकाट्यापासून. अंगावरचे कपडे आणि हेल्मेटसकट मी ७२ किलो, आणि भरलेल्या दोन बाटल्या, पंप, ट्यूब धरून सायकल १३ किलो. एकूण ८५. चढावर हे सगळंच वर न्यावं लागतं, म्हणून सायकलचं वजन सोडून चालत नाही.

सपाट रस्त्यावर दोन गोष्टी अडवतात. एक टायरचं घर्षण: बऱ्या डांबरी रस्त्यावर ८५ किलोला साधारण ५ न्यूटन, म्हणजे दर किलोमीटरला ५ किलोज्यूल. हवा कमी असलेला रुंद गाठींचा टायर असेल तर हे सहज दीडपट-दुप्पट होतं. दुसरी हवा. हँडल वरून धरून बसलं तर ताशी २० किमीला हवेचे दर किलोमीटर ७ किलोज्यूल जातात, २४ला १० आणि २८ला १३. समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर २४च्या वेगाला हवेचा हा भाग जवळजवळ दुप्पट होतो. उलट ग्रुपमध्ये कुणाच्या मागच्या चाकाला चिकटून गेलं की साधारण एक तृतीयांश वाचतो. वारा मी अंदाजानेच धरतो. या हिशेबातली सगळ्यात कच्ची बाजू तीच.

ताशी २४ किमीने तासभर सपाटीवर गेलो तर किलोमीटरला १५ प्रमाणे ३६० किलोज्यूल होतात. चेन-गिअरमध्ये ३ टक्के वाया जातात असं धरून ३७०.

आता कॅलरी. १ किलोकॅलरी (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ ती हीच) म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. पण शरीर खर्च करतं त्यातली २० ते २४ टक्के ऊर्जाच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ खातात, म्हणून किलोज्यूल आणि किलोकॅलरी साधारण सारख्याच निघतात. पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरचं काम थेट मोजणारं यंत्र, लावणारे म्हणूनच किलोज्यूलचा आकडा थेट कॅलरी म्हणून वाचतात. मी थोडा फरक ठेवतो. निवांत चालवलं तर १.२ने गुणतो, कारण तेव्हा शरीराच्या नुसत्या चालू राहण्याच्या खर्चाचा वाटा मोठा असतो. जोर लावला तर १.१ने. वरच्या तासाचे झाले ४४४.

याच तासाला व्यायामांच्या ऊर्जाखर्चाचा छापील तक्ता काय म्हणतो? ‘कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’च्या २०११च्या आवृत्तीत ताशी साडेबावीस ते साडेपंचवीस किमीच्या टप्प्याला १० मेट दिले आहेत. १ मेट म्हणजे किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी. म्हणजे ७२ गुणिले १०, ७२०. हिशेबापेक्षा साठ टक्क्यांहून जास्त.

घाटात उलटं होतं. सिंहगडाचा रस्ता धरा: पायथ्यापासून वरपर्यंत सुमारे ६०० मीटर चढ. ८५ किलो वजन १०० मीटर उचलायला ८३ किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या चढाचे ५००. त्यात सुमारे ९ किलोमीटरचे टायरचे ४५, हवेचे जेमतेम १२, आणि चेनचं नुकसान. एकूण ५७५, म्हणजे साधारण ६३० किलोकॅलरी. तासाभरात चढलात तर वेग ९च्या आसपास. १६च्या खालच्या वेगाला तोच तक्ता ४ मेट देतो, म्हणजे २८८. निम्म्याहूनही कमी. चढाचं काम हळू गेलं तरी तेवढंच राहतं, वाढतो तो फक्त बसल्या-बसल्याचा खर्च. आणि उतरताना पाय थांबलेले असतात, तेव्हा त्या किलोमीटरांना मी शून्य काम धरतो. ब्रेक दाबून बोटं दुखतात, पण त्याला कॅलरी नाहीत.

चढाचे मीटर मात्र तपासून घ्यावे लागतात. बॅरोमीटर नसलेला फोन जीपीएसवरून उंची काढतो. ती सारखी वर-खाली हलते आणि प्रत्येक छोटी उडी चढ म्हणून जमा होते. सपाट रस्त्यावर शंभर-दीडशे मीटर चढ दिसला तर कारण हेच. बॅरोमीटरवालं यंत्र असेल तर पावसाळ्यात त्याचं बारीक छिद्र पाण्या-चिखलाने बुजतं, ते पुसावं. वेळ सायकल चालू असतानाचीच धरावी. सिग्नलला आणि चहाला थांबलेली नाही.

नाडीवरून काढायचं तर छातीचा पट्टा बरा, त्याचे इलेक्ट्रोड निघण्याआधी पाण्याने ओले करून. मनगटावरचं घड्याळ खडबडीत रस्त्यावर हलतं आणि हँडल घट्ट पकडलं की चुकतं. त्याहून मोठी अडचण मे महिन्यातली. उकाडा आणि कमी पडलेलं पाणी यांनी नाडी दहा-बारा ठोके वर जाते, काम मात्र तेवढंच असतं. पुरुषांसाठीच्या प्रचलित सूत्रात दर मिनिटाच्या १० जादा ठोक्यांचे तासाला ९० किलोकॅलरी वाढतात. त्या फुकटच्या.

शेवटी वजाबाकी. घरी बसूनही माझे तासाला सुमारे ७२ किलोकॅलरी गेलेच असते, आणि आहाराच्या ॲपमध्ये ते रोजच्या गरजेत आधीच धरलेले असतात. म्हणून मी सपाटीच्या तासाचे ३७० आणि सिंहगडाच्या चढाचे ५६० एवढेच लिहितो. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी १७०च्या आसपास. गडावर पिठलं-भाकरी खायला बसताना यातला कुठला आकडा डोक्यात आहे यावर तिसरी भाकरी मागायची की नाही ते ठरतं.