बँका एक झाल्या, मग विम्याचं काय?

इतवारीतल्या आमच्या मामाला कोणीतरी सांगितलं की त्याच्या दोन सहकारी बँका एक होणार, तेव्हापासून तो रोज विचारून राहिला, "काऊन रे, माहे पैसे बुडतील का?" मी म्हटलं, बुडणार नाही मामा, पण हिशोब बदलेल.

ठेवीवरचा विमा खात्यामागे नसतो, एका माणसाला एका बँकेत मुद्दल अन् व्याज धरून 5 लाख, शाखा कितीही असोत. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत तर तो फक्त 1 लाख होता. मामाचे दोन्हीकडे चार-चार, म्हणजे आज सगळे 8 लाख झाकलेले. बँका एक झाल्या की तेच 8 लाख एका बँकेत, अन् विमा 5 चाच! हे काउंटरवर कोणी सांगत नाही बरं का. अन् पतसंस्थेला तर हा विमा लागूच नाही, तिथं दोन टक्के जास्त व्याज पाहून धावणाऱ्यांनी ऐका.

बाकी विलीनीकरण असं उठलं-सुटलं होत नाही. संचालक मंडळात दोन तृतीयांश मतं लागतात, मग सभासदांसमोर ठराव, मग रिझर्व्ह बँकेची मंजुरी. माझ्या मते सभासदांनी त्या सभेला नाश्त्यापुरतं जाऊ नये, शेअरच्या बदल्यात किती शेअर मिळणार ते तिथंच ठरते.

पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली तेव्हा मोठ्या ठेवीदारांचे पैसे 10 वर्षांपर्यंत लांबले. मामा 72 वर्षांचा आहे. मी त्याला म्हटलं, 3 लाख आत्ताच तिसऱ्या बँकेत टाक.