जाम झालेलं स्टीअरिंग सोडवताना घाव कुठे घालायचा

जुनी गाडी उघडायला घेतली की माझ्या मते सगळ्यात जास्त धीर लागतो तो स्टीअरिंगच्या सांध्यांना. इंजिन निदान तेलात तरी असतं, पण टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा), पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर बसलेला आर्म), किंग पिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो पिन) हे सगळे वर्षानुवर्षं चाकाने उडवलेलं पाणी न चिखल खात बसलेले असतात आणि आतलं ग्रीस कधीच संपलेलं असतं. त्यात गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, फटीत तयार झाला की आतून दाबतच जातो, मग नुसता पान्यावर जोर काढला तर नट गोल होतो नाहीतर बोल्ट तुटतो.

म्हणून आधी वायर ब्रश. बाहेर दिसणारे आटे घासून साफ करा, स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली पिन) काढा, पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत मुरणारं पातळ तेल) मारा आणि रात्रभर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी परत मारा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन अर्धं अर्धं करून लावतात तेही चांगलं चालतं, फक्त लावताना हलवून घ्या कारण ते वेगळं होतं, आणि आसपास ज्योत अजिबात नको.

आता खरा मुद्दा. टाय रॉड एंडचा, म्हणजे टाय रॉडच्या टोकाच्या सांध्याचा पिन टेपर (निमुळता) असतो, त्यामुळे नट काढला तरी तो भोकात घट्ट रुतलेलाच राहतो. इथे बरेच जण पिनच्या टोकावर घाव घालतात न आटे चेपून टाकतात. अहो घाव बाजूने घालायचा! स्टीअरिंग आर्मच्या ज्या डोळ्यात (भोकाच्या कड्यात) पिन बसलाय त्या डोळ्याच्या कडेवर, समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून. डोळा क्षणभर किंचित दबतो, टेपरची पकड सुटते आणि पिन टक्कन खाली येतो, तो आवाज ऐकला की जीव सुखावतो. नट मात्र दोन-तीन आट्यांवर राहू द्या, नाहीतर सगळं अंगावर येईल. फोर्क (सांध्यात ठोकायची दुहेरी पाचर) घालून उचकटायचं असेल तर रबर बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) फाटणार हे धरूनच चाला, जो पार्ट टाकूनच द्यायचाय तिथेच तो वापरावा.

आणि टाय रॉडच्या स्लीव्हला (लांबी कमीजास्त करायच्या नळीला) एका बाजूला सरळ तर दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात हे विसरून लोक घट्टच करत बसतात. फिरवायच्या आधी पूर्ण लांबी मोजून लिहून ठेवा.

पिटमन आर्मला पुलरच (स्क्रू पिळून ओढून काढणारं अवजार) पाहिजे, दुसरा उपाय शोधू नका. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर तो धक्का सरळ स्टीअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला आणि दातांना जातो, आणि जुन्या गाडीचा बॉक्स मिळवणं किती अवघड असतं ते शोधणाऱ्यालाच माहीत. आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करा, पुलर कसा, आर्मच्या बाजूला एक-दोन ठोके द्या, नाही सुटला तर ताण तसाच ठेवून थांबा. कधीकधी काही वेळाने आपोआप सुटतो. स्टीअरिंग व्हीललाही हाच नियम, त्यातून 1968 नंतरची अमेरिकन गाडी असेल तर जास्तच जपा, कारण त्यांचा स्टीअरिंग कॉलम (व्हीलखालचा दांडा) अपघातात दबला जावा असाच बनवलेला असतो, ठोकलात तर तो तिथेच दबेल.

पार्ट तापवायच्या गॅस टॉर्चबद्दल माझं मत ठाम आहे. जो पार्ट परत बसवायचाय तो लालभडक करायचा नाही. स्टीअरिंग आर्म फोर्ज केलेले, हीट ट्रीटमेंट केलेले असतात, लाल केले की ती ताकद जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. बंद बॉल जॉइंट (आत गोळा फिरणारा सांधा) तर तापवूच नका, आतलं ग्रीस दाबाने फुटून बाहेर येतं. क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत नेली तर विषारी फॉस्जीन वायू तयार होतो, त्यामुळे तिथे टॉर्च बंद म्हणजे बंद.

किंग पिनला हात लावण्याआधी अ‍ॅक्सलमधली आडवी लॉक पिन शोधा, ती गंज आणि रंगाखाली लपलेली असते. ती निघाल्याशिवाय किंग पिन कितीही ठोका, हलणार नाही. आणि परत बसवताना स्प्लिट पिन नवीनच घ्या, जुनी सरळ करून घालू नका.