उजेडाकडे गेलेली पिल्लं

त्या रात्रीचा विषय निघाला की आमच्याकडे सगळे कासवाच्या शेवटपर्यंत न सापडलेल्या पाच पिल्लांबद्दल हळहळतात. मला घोर आहे तो सापडलेल्या ६६ पिल्लांचा. ती जिवंत मिळाली, पाण्यात गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पाण्यात शिरताना त्यांच्या अंगात किती बळ उरलं होतं हे कुणालाच सांगता यायचं नाही, आणि माझ्या डोक्यातून तेच जात नाही.

दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर, गावापासून आणि डांबरी रस्त्यापासून बरंच आत, सुरूच्या बनात आमचा तंबूंचा कॅम्प आहे. नोव्हेंबर ते मे एवढाच त्याचा जीव. पावसाआधी तंबू उतरतात, स्वयंपाकघरावरची झापं निघतात आणि मागे फक्त जांभ्याचे चौथरे राहतात. मी तिथे निसर्ग मार्गदर्शक म्हणून हंगामी कामाला असते. लोकांना वाटतं, मी दिवसभर पक्षी आणि डॉल्फिन दाखवत फिरते. प्रत्यक्षात निम्मा वेळ पाणी आणि वीज यांतच जातो. मार्च उलटला की विहीर मचूळ व्हायला लागते. खाऱ्या हवेने वायरींचे जोड हिरवे पडतात. मासळी संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून आणावी लागते. मोबाइलला रेंज फक्त दक्षिणेच्या टोकाला कातळावर चढलं तर मिळते. हे शेवटचं त्या रात्री फार महागात पडलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची एक मादी तंबूंच्या रांगेसमोरच, भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेलीच्या कडेला अंडी घालून गेली. आमच्या किनाऱ्यावर घरटी शोधायचं काम नाना करतात. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासव संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे ते एकेका गावात पसरलं, तेव्हापासून ते कासवमित्र आहेत. त्याआधी गावातल्या इतरांसारखीच तेही अंडी काढायचे, हे ते स्वतः सांगतात. म्हणूनच त्यांच्या हाताला घरटं कळतं. मादीच्या परतीच्या मागावरून ते बसायची जागा ताडतात, काठी हलकेच टोचत जातात आणि जिथे वाळू किंचित पोकळ लागते तिथे थांबतात. मी बऱ्याच शिकल्या-सवरल्या लोकांबरोबर काम केलंय, इतका नेमका हात कुणाचा पाहिला नाही.

एरवी घरटं पहाटेच सापडतं. मग अंडी त्याच घरट्यातल्या वाळूसकट बादलीत घेऊन, जशी होती तशीच न फिरवता हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, नेतात आणि तेवढ्याच खोलीचा, वर अरुंद आणि खाली रुंद असा खड्डा करून त्यात ठेवतात. पण ही मादी आली त्या रात्री वारा एवढा सुटला होता की पहाटेच्या फेरीत माग दिसलाच नाही. घरटं कळलं ते दुपारी, एक कुत्रं तिथे उकरायला लागलं तेव्हा. तोवर फार वेळ झाला होता. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ वरच्या बाजूने कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं हललं, फिरलं, तर गर्भ दगावतो. नानांनी वाळू परत सारखी केली आणि म्हणाले, "बाय, ह्याला आता हात लावायचा नाय. हितंच राहू दे."

वर मोठ्या भोकांची जाळी ठोकली, कुत्री-कोल्ही उकरू नयेत पण पिल्लं निघावीत अशी. टोपली मुद्दाम ठेवली नाही. हॅचरीत टोपली लागते, कारण पिल्लं मोजून सोडायची असतात. पण टोपलीखाली अडकलेलं पिल्लू सकाळपर्यंत नुसती धडपड करत राहतं. इथे समुद्र समोर होता, उतार सरळ होता, त्यांना थेट जाऊ द्यायचं ठरलं. अट एकच: घरटं फुटेपर्यंत संध्याकाळी सातनंतर समुद्राच्या बाजूचा एकही दिवा लावायचा नाही. मी ते खडूने स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहिलं, ऑफिसात लावलं, मालकांना फोनवर सांगितलं. सगळे हो म्हणाले.

कारण साधं आहे. वाळूचा वरचा थर गार झाला की पिल्लं बहुधा रात्रीच बाहेर येतात आणि क्षितिजालगत जिकडे जास्त उजेड, तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता, कारण मागे झाडीचा काळोख असतो. आता मागे आम्ही आहोत.

रिडलेची अंडी ४५ ते ६० दिवसांत फुटतात, वाळू तापलेली असेल तर दिवस कमी लागतात. मार्च कडक होता. हे घरटं फुटलं ४६व्या दिवशी, वद्य अष्टमीच्या रात्री. त्याच दिवशी पुण्याचं एक मोठं कुटुंब आजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस करायला आलं होतं, चाळीसेक माणसं. सजावटवाला आपल्याबरोबर एलईडीच्या माळा आणि दोन पांढरे फोकस घेऊन आला. मॅनेजरने लावू दिले. तो वाईट माणूस नाही, पण पैसे देणाऱ्याला नाही म्हणणं त्याला जमत नाही आणि त्याची भरपाई दरवेळी दुसऱ्याच कुणाला तरी करावी लागते.

मी तेव्हा दुसऱ्या एका पाहुण्या कुटुंबाला घेऊन उत्तरेला खाडीच्या तोंडापर्यंत गेले होते. परत येताना लांबूनच वाळू पांढरी दिसली. धावत आले, तर स्वयंपाकघरातल्या काकी समोरून येत होत्या. भांडी घासायच्या दगडापाशी एक पिल्लू होतं. त्यांनी ते पदरात झाकून घेतलं होतं.

सव्वादहा झाले होते. आधी मी जनरेटर बंद करायला लावला. काळोख झाल्यावर लोक ओरडले, मोबाइलचे टॉर्च लागले आणि कुणीतरी पाऊल उचललं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "कुणीही पाय उचलू नका! आहात तिथेच खाली बसा!" रिडलेच्या पिल्लाची पाठ जेमतेम चार सेंटिमीटर असते, रंग काळपट राखाडी. अंधारात ती दिसत नाहीत. दिव्याने वाट चुकलेल्या पिल्लाला त्या घटकेला सगळ्यात मोठा धोका माणसाच्या चपलेचा असतो.

मला वाटलं होतं, आता भांडण होणार. वाढदिवसाच्या आजी खुर्चीतून उठल्या आणि एकाच दमात म्हणाल्या, "ही मुलगी सांगते ते सगळ्यांनी ऐकायचं. फोन खिशात." निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस माणसं खाली बसली. पर्यटकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, फ्लॅश मारू नका म्हणून सांगून घसा बसलेला असतो. पण त्या रात्रीपुरतं सांगायचं तर, त्या माणसांसारखं काम पगारी माणसांनीही केलं नसतं.

लाल जिलेटिन लावलेले टॉर्च आमच्याकडे चारच होते. एक नानांकडे धाडला, त्यांना बोलवायला एक पोरगा पळाला. बाकीचे घेऊन मी मोकळ्या वाळूवरचे माग बघितले. घरट्याच्या जागी बशीएवढा खळगा पडला होता आणि तिथून माग पंख्यासारखे फुटले होते. पिल्लाचा माग शिकलात तर चुकत नाही: दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे आळीपाळीने पडलेले बारीक ओरखडे, मधे पोटाची पुसट रेघ. बहुतेक सगळे माग जमिनीकडे गेले होते. फोकसच्या खांबाभोवती तर वाळू पार खरवडली होती, पिल्लं दिव्याखाली गोल गोल फिरत राहिली होती. तिथली वीस-बावीस लगेच मिळाली.

पुढचं कठीण होतं. माग बनात शिरले आणि संपले. सुरूच्या वाळक्या सुयांच्या गादीवर माग उमटत नाही. लाल उजेडात सुया, काटक्या आणि पिल्लं एकाच रंगाची. आणि एकूण किती शोधायची हेच माहीत नव्हतं, कारण घरटं उकरलेलंच नव्हतं, अंडी कुणी मोजली नव्हती.

तोवर नाना पोचले होते. ते म्हणाले, "बघू नका, ऐका." टेकाडामागे लाटांचा आवाज दबतो. सगळ्यांना बनात ओळीने गुडघ्यांवर बसवलं, हातभर अंतराने. बोलणं बंद. मग ऐकू यायला लागलं, सुयांतली खसखस, थांबून थांबून. जिथून आवाज येईल त्याने बोट करायचं, शेजाऱ्याने तळहात जमिनीलगत सरकवत न्यायचा. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आवाज सगळ्यांत आधी कळायचे. जवळजवळ दोन तास तो तसाच गुडघ्यांवर होता आणि अकरा पिल्लं त्याने दाखवली. काही जण सांडपाण्याच्या चरात उतरून, हाताने गाळ चाचपत होते. तिथून चार निघाली.

सापडलेली ओल्या वाळूच्या टबात, वर ओलं गोणपाट. दर दहा-बारा झाली की नाना ती घेऊन खाली जायचे. एरवी ते पिल्लांना वाळूवर बरंच चालू देतात, कधीच पाण्यात ठेवत नाहीत. त्या रात्री त्यांनी ओल्या वाळूवर, लाटेपासून चार-पाच पावलांवर ठेवली. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस होते, ओहोटी फार लांब गेली नव्हती, तरी तेवढंही अंतर नको असं त्यांना वाटलं. मी विचारलं नाही. त्यांनी कारण सांगितलं नाही.

टबापाशी आजींनी विचारलं, "ही मोठी झाली की इथेच येतील ना?" मी त्यांना २०२३ साली गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या बागेश्रीबद्दल सांगितलं, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, फार थोडी जगतात, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बघायला नसेन," आणि परत जाऊन ओळीत बसल्या.

पहाटे तीननंतर जी मिळाली ती वेगळी होती. हातात घेतल्यावर वल्ही मारत नव्हती, मान टाकत होती. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते, पहिल्या दिवसांची सगळी भिस्त तिच्यावर. पाण्यात शिरल्यावर सुमारे दिवसभर ते अखंड पोहतं, कारण किनाऱ्याजवळ मासे आणि पक्षी टिपतात, लवकरात लवकर खोल पाणी गाठावं लागतं. यांनी त्या शिदोरीतलं पाच-सहा तासांचं चालणं बनात, चरात, दिव्याखाली घालवलं होतं.

अशी नऊ पिल्लं होती. माझं म्हणणं, ओल्या गोणपाटाखाली गारव्याला ठेवू, संध्याकाळी सोडू. नाना म्हणाले, "बसून बळ येत नाय त्यांना. भरती भरलेय, आता सोड." मी कातळावर जाऊन वनरक्षकांना फोन लावला. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, निर्णय आमच्या दोघांच्या मनावर सोडायचा नव्हता. त्यांनी ठेवायला सांगितलं. मी खाली येईपर्यंत नानांनी पाच सोडली होती. चार ठेवली, ती संध्याकाळी सोडली. चारही पाण्यात गेली. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. पाच पहाटे गेली तीही पाण्यात गेलीच होती.

उजाडल्यावर तिरप्या उन्हात उरलेले माग वाचले. दिवे गेल्यावर बाहेर आलेली २३ पिल्लं सरळ समुद्राकडे गेली होती, एकही वळलं नव्हतं. तेवढीच काय ती मनाजोगती गोष्ट. तीन मेलेली मिळाली, दोन खेकड्यांच्या बिळांच्या तोंडाशी. दुपारी वनरक्षकांसमोर घरटं उकरलं: ९७ रिकामी टरफलं, आठ न फुटलेली अंडी. तेवीस, सहासष्ट आणि तीन मिळून ९२. नानांनी त्यानंतरही दोन दिवस बन धुंडाळलं.

मालकांचा फोन आला तो व्हिडिओ आहे का विचारायला. पाहुणे खूश होऊन गेले, चांगलं लिहून गेले, त्यामुळे ऑफिसात ती रात्र यशाच्या खात्यात जमा झाली. मॅनेजरने माझी माफी मागितली, ती खरी होती. पण समुद्राच्या बाजूच्या खांबावरचे ते दोन सॉकेट मे महिन्यापर्यंत जागेवरच होते. फळ्यावरची सूचना माणूस विसरतो, विसरायची मुभा त्याला असते. सॉकेटच नसेल तर फोकस लावायचा प्रश्नच येत नाही. एका वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नव्या हंगामासाठी बोलावणं आलं, तेव्हा मी मालकांना तेवढंच लिहून पाठवलं: ते खांब काढायचे, तंबूंबाहेरचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड करून, तांबूस रंगाचे लावायचे आणि आरक्षण घेतानाच पाहुण्यांना सांगायचं. "बघू" असं उत्तर आलंय. नानांना विचारलं, ती पाच आधी सोडली ते कशावरून. ते म्हणाले, "हातात जड लागली." चार हलकी लागत होती म्हणून माझ्यासाठी ठेवली. याचा अर्थ त्यांना काहीतरी कळत होतं की नाही, हे मी अजून त्यांच्याकडून काढते आहे. मालकांना होकार अजून कळवलेला नाही.