तेरा तासांची रात्र

शरद ऋतू म्हटला की पुण्याच्या माणसाला आधी ऑक्टोबरचा उकाडा आठवतो आणि मग चांदणे. पानगळ शिशिराची, असे शाळेतल्या निबंधांनी मनात इतके पक्के बसवले आहे की बॉस्टनला येऊन अठरा वर्षे झाली तरी ऐन आश्विनात झाडे झडताना पाहून मला अजून थोडे चुकल्यासारखे वाटते. त्या चुकल्यासारखे वाटण्याचा एकदा निवांत समाचार घ्यावा, म्हणून २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एक व्हॅन भाड्याने घेतली आणि न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये तीन दिवस एकटीच जाऊन आले. व्हॅन म्हणजे मागे एक फळी, तिच्यावर गादी, खाली दोन खण आणि गॅसची सुटी शेगडी. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने गादीची चौकशी केली नाही. ‘सोबत कोण आहे?’ एवढेच तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले.

जाणकारांच्या हिशेबाने मला उशीरच झाला होता. रंग ऐन भरात येतात त्या दिवसांना इकडे ‘पीक’ म्हणतात (आपल्या पिकाशी त्याचा संबंध नाही, पण हॉटेलवाल्यांसाठी ते तेच असते), आणि डोंगरातले पीक सरून आठवडा होऊन गेला होता. मेपलची झाडे बहुतेक बोडकी झाली होती. बर्च आणि बीच मात्र अजून पिवळे होते. हा पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हरितद्रव्य ओसरले की तो दिसू लागतो. मेपलचा लाल तेवढा पान जाता जाता नव्याने तयार करते. सोमवारची सुट्टी आदल्या दिवशीच संपल्यामुळे गर्दीही ओसरली होती. लिंकन गावात टाकी भरून घेतली, कारण तिथून कॉनवेपर्यंत डोंगरातून जाणाऱ्या कँकमॅगस हायवेवर सुमारे ५५ किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही, आणि फोनची रेंजही जवळजवळ नाही.

पहिल्या दुपारी लिंकन वूड्सची वाट चालले. ही वाट नदीच्या कडेने पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते, कारण ती मुळात माणसांसाठी नव्हतीच. लाकडे वाहून नेणाऱ्या रेल्वेचा तो मार्ग होता, आणि ती रेल्वे १९४८पर्यंत चालू होती. काही ठिकाणी जुने स्लीपर अजून जमिनीत रुतलेले आहेत. त्यांच्यातले अंतर नेमके असे आहे की पाऊल एकावर टाकले तर फार तोकडे पडते आणि एक सोडून टाकले तर फार लांब. दोन्ही बाजूंना इतके दाट रान आहे की ते कायमचेच इथे असावे असे वाटते. प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातले कितीतरी डोंगर तोडून उघडे केले होते, आणि १९११च्या कायद्यानंतर सरकारने जमिनी विकत घेऊन १९१८मध्ये हे राष्ट्रीय वन केले, तेव्हा कुठे झाडांना पुन्हा उसंत मिळाली. आपण ज्याला आदिम म्हणून हात जोडतो ते आपल्या आजीच्या वयाचे निघावे, याची मला मोठी गंमत वाटली.

या सहलीबद्दल मला जे कोणीच सांगितले नव्हते ते त्या संध्याकाळी कळले. शरदातली भटकंती म्हणून सगळे रंगांचे फोटो दाखवतात. पण ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य सहाला मावळतो आणि उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे दिवस अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची, आणि त्या तेरा तासांत आपण एका पत्र्याच्या डब्यात असतो. घरात रात्र इतकी लांब असते हे लक्षातही येत नाही, कारण घरात आपण दिव्यांनी ती संपवत आणतो. इथे सात वाजता खिचडी खाऊन झाली, पातेले घासून झाले, गादीवर पाय पसरले, आणि घड्याळात पाहिले तर सव्वासात. मी वाचले, उद्याचा नकाशा तीनदा पाहिला, मोजे वाळत घातले. टपावर मधूनच टक् असा आवाज येई आणि नंतर घरंगळण्याचा. प्रत्येक आवाजाला उठून बसणे साधारण नऊ वाजता आपोआप थांबले. थंडीमुळे काचा घट्ट लावून झोपले ही चूक झाली. पहाटे माझाच श्वास थेंब होऊन काचेवरून उशीवर ठिबकत होता, आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला गोठलेल्या दवाची पातळ साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी क्रॉफर्ड नॉचमधला माउंट विलार्ड चढले. जेमतेम अडीच किलोमीटरची, पावणेतीनशे मीटर उंचीची चढण आहे, पण पाचोळ्याने दगड आणि मुळे पूर्ण झाकली होती, त्यामुळे प्रत्येक पाऊल अंदाजाने टाकावे लागत होते. या राज्यात निष्काळजीपणाने हरवलात तर शोधमोहिमेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो, म्हणून डोक्यावरचा दिवा, जास्तीचा स्वेटर आणि शिट्टी हे सगळे पाठीवर होते. आईला हा नियम फार आवडला असता. वरच्या कड्यावरून हिमनदीने कोरलेली खोल दरी आणि तिच्यातला रेल्वेचा रूळ दिसतो, तो सगळेच पाहतात. माझ्या लक्षात राहिले ते उतरताना रानाच्या कडेला दिसलेले बीचचे एक झाड. त्याची साल राखाडी आणि हत्तीच्या कातडीसारखी सलग असते. तिच्यावर माझ्या डोक्यापासून वरपर्यंत पाच-पाच काळ्या खुणा होत्या, जुन्या जखमेसारख्या फुगलेल्या. बीचची फळे खायला अस्वल त्या झाडावर चढले होते. खूण जुनी आहे हे कळत असूनही मी उरलेली वाट मोठ्याने भीमरूपी म्हणत उतरले.

त्या रात्री, १६ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. लिंकनच्या दुकानातून दुधाची बाटली घेतली. केशर, वेलची आणि चारोळी घरूनच पुडीत बांधून आणली होती. शेगडी व्हॅनच्या आत पेटवायची नसते, म्हणून कँपच्या लाकडी बाकावर, कानटोपी घालून, वाऱ्याला पाठ करून दूध आटवत बसले. दूध उकळेपर्यंत चंद्र डोंगराच्या वर आलेला नव्हता. मग तो आला, आणि तेव्हा माझ्या उशिराचा फायदा समजला. पाने असती तर चांदणे वरच्या वर अडले असते. मेपल रिकामे झाल्यामुळे ते फांद्यांतून थेट पाचोळ्यावर, बाकावर आणि पातेल्यात उतरले. पिवळी पाने चांदण्यात पिवळी दिसत नाहीत, राखी दिसतात. पुण्याच्या गच्चीवर चाळीस माणसांत वाटीभर दूध हातात येई तेव्हा चंद्र पाहायचा राहूनच जाई.

कोजागिरीला लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत फिरते असे म्हणतात. त्या रानात आटीव दुधाच्या वासावर ते विचारायला दुसरेच कोणी येण्याची शक्यता अधिक होती, म्हणून पातेले चाटून-पुसून, राखेने घासावे तसे घासून व्हॅनमध्ये कुलपात ठेवले आणि या वेळी काच दोन बोटे उघडी ठेवून आडवी झाले. सव्वानऊ वाजले होते. उरलेल्या रात्रीचे काय करायचे हा प्रश्न मात्र पडला नाही.

सकाळी लिंकनला रेंज आली आणि लगेच फोन वाजला.

‘कोजागिरी केलीस का गं?’

‘केली. दूध आटवलं, केशर घालून.’

‘किती?’

‘अर्धा लिटर.’

आई क्षणभर थांबली. ‘एकटीला अर्धा लिटर?’