आधी कुरुश, मग दार्युश: शिराजहून पासारगाद, नक्श-ए-रोस्तम, पर्सेपोलिस

इराणमधल्या शिराजहून ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. बहुतेक गाड्या आधी पर्सेपोलिसला (तिथे त्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात) नेतात, कारण ते वाटेवरच, ६० किमीवर आहे. आम्ही क्रम उलटा ठेवला. पहाटे निघून थेट १३० किमीवरचं पासारगाद गाठलं आणि उरलेली दोन परतीच्या वाटेवर पाहिली. अशाने प्राचीन इराणचे राजे, आधी कुरुश आणि मग दार्युश (आपल्या पुस्तकांतला डेरियस), ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने भेटतात. ड्रायव्हरला मात्र हे आदल्या रात्रीच सांगा, भाडंही तेव्हाच ठरवा.

पासारगादला कुरुशची, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या सायरसची, कबर दारातून शिरताच दिसते: सहा पायऱ्यांचा चौथरा, वर उतरत्या छपराची दगडी खोली, एकूण उंची ११ मीटरच्या आसपास. पुष्कळ लोक इथे फोटो काढून परततात आणि पासारगाद पाहायचंच राहतं. महाल किलोमीटरभर पुढे आहेत, तल्ल-ए-तख्तचा दगडी चौथरा त्याहून लांब. सावली अजिबात नाही. जागा समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच असल्याने हवा गार लागते आणि ऊन नकळत भाजतं. टोपी, माणशी लिटरभर पाणी आणि दोन तास हवेतच.

महालाच्या दगडावर तीन भाषांत कोरलंय: मी कुरुश, राजा, हखामनी (म्हणजे हखामनीशच्या वंशातला). गाईड हे कुरुशचे शब्द म्हणून दाखवतात. पण इथे थोडं थांबा. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन घेतल्यानंतरच्या मातीच्या सिलिंडरवर कुरुश आपले पूर्वज सांगतो ते चिश्पिश, कुरुश पहिला आणि कंबुजिय पहिला. हे सारे ‘अनशानचे राजे’. हखामनीशचं नाव त्यात नाही. ते येतं पश्चिम इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दार्युशने कोरवलेल्या लेखात: हखामनीश, चिश्पिश, आरियारम्न, आर्शाम, विश्तास्प. म्हणजे चिश्पिशपाशी दोन शाखा जुळवल्या आहेत. इ.स.पू. ५२२ मध्ये कुरुशचा मुलगा कंबुजिय दुसरा वारला, गादीवर बसलेल्याला तोतया ठरवून दार्युशने मारलं आणि राज्यभर बंडं झाली. अशा राजाला कुरुशशी नातं दाखवणं भागच होतं. म्हणून पासारगादचा हा लेख दार्युशनेच कोरवला असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. खुद्द अनशान म्हणजे शिराजच्या वायव्येचं तल्ल-ए-मल्यान; उत्खननाची आवड नसेल तर तिथे वेळ घालवू नका, पांढरीच्या टेकाडापलीकडे फारसं काही दिसत नाही.

नक्श-ए-रोस्तमला तासभर पुरतो. कड्यात क्रुसाच्या आकाराच्या चार कबरी आहेत. नाव कोरलेली एकच, डावीकडून तिसरी, दार्युशची. बाकी तीन अंदाजाने ओळखल्या जातात. दुर्बीण न्याच. राजाचं आसन पेलणाऱ्या ३० जमातींच्या प्रतिनिधींत हिंदूश, म्हणजे सिंधूकाठचा माणूसही आहे. खालची घोडेस्वारांची शिल्पं सासानी या नंतरच्या इराणी घराण्यातल्या राजांची, सातेक शतकं नंतरची. ती दार्युशच्या काळाची समजण्याची चूक सर्रास होते.

पर्सेपोलिसला तीन तास राखून ठेवा आणि बंद व्हायची वेळ सकाळीच विचारा. बांधकाम इ.स.पू. ५१८ च्या सुमारास सुरू झालं, ३३० मध्ये अलेक्झांडरच्या मुक्कामात ते जळलं. जिन्याच्या १११ पायऱ्या बुटक्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतात. दार्युशचा मुलगा झर्क्सिस याच्या दरवाजातले पंखवाले मानवमुखी बैल पाहून मुंबईकरांना फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीचं दार आठवेल. मुख्य वेळ द्या अपादानाच्या, म्हणजे दरबाराच्या दालनाच्या, पूर्व जिन्याला: नजराणे आणणारी २३ शिष्टमंडळं, त्यांत धोतर नेसलेले उघड्या अंगाचे हिंदूशचे लोक, खांद्यावर कावड, सोबत गाढव. उलट्या क्रमाचा तोटा इथेच आहे: जिना पूर्वाभिमुख, त्यामुळे दुपारी प्रकाश सपाट पडतो. फोटोच हवे असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

पैशांचं आधीच पाहा. आपली कार्डं इराणमध्ये चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या. भाव तोमानमध्ये सांगतात, १ तोमान म्हणजे १० रियाल. कोणता आकडा ते विचारूनच पैसे द्या. बायकांना डोक्यावर ओढणी लागते. मार्चअखेर नवरोजची गर्दी टाळा. २९ ऑक्टोबरच्या आसपास, कुरुश दिनामुळे, पासारगादची वाट बंद ठेवल्याचं अनेकदा घडलंय. व्हिसाचे आणि सुरक्षेचे नियम बदलत राहतात, तिकिटाआधी परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा.

बेहिस्तून या फेरीत बसत नाही. ते पश्चिमेला, केरमानशाहपासून ३० किमीवर आहे. लेख कड्यावर फार उंच असल्याने तिथेही दुर्बीण लागेलच. जाल तेव्हा दार्युशच्या पायाखालचा गौमात (तोच तो तोतया ठरवलेला) आणि समोर दोरीने बांधलेले नऊ बंडखोर शोधा. शेवटचा, उंच टोकदार टोपीवाला, मागाहून कोरलेला आहे.